जन्मठेप आणि जातव्यवस्था : काही प्रश्न

दलित चळवळीने शिक्षेचा विचार आजवर घोषणेच्या पातळीवर केला. तत्त्वाच्या पातळीवर तो व्हायचा राहिला आहे. गावात अत्याचार होतो, प्रेत शवविच्छेदनाच्या खोलीत पडलेले असते, आणि तालुक्याच्या चौकात आवाज उठतो : आरोपींना फाशी द्या, निदान मरेपर्यंत जन्मठेप द्या. ही घोषणा मीही दिली आहे. तिच्यामागचा संताप खरा आहे आणि त्याची टिंगल करण्याचा अधिकार कोणत्याही सुखवस्तू मानवतावाद्याला नाही. परंतु त्याच मोर्चात चालणाऱ्या कुणाचा भाऊ, कुणाचा मेहुणा, कुणाचा मुलगा मध्यवर्ती कारागृहाच्या बराकीत वर्षानुवर्षे पडून असतो, हेही तितकेच खरे आहे. तुरुंगाच्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना आपण आहोत; बाहेर फिर्यादी म्हणून आणि आत बंदी म्हणून. म्हणून दीर्घ मुदतीची शिक्षा न्याय्य आहे काय, आणि तिने गुन्हा थांबतो काय, हे प्रश्न आपण इतरांवर सोपवू शकत नाही.

आपल्या साहित्याने या प्रश्नाची एक बाजू फार पूर्वीच मांडली आहे. अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ ही कादंबरी १९५९ साली आली. सरकारच्या लेखी फकिरा दरोडेखोर आहे, खजिना लुटणारा आहे. कादंबरी मात्र उलट प्रश्न विचारते. उपासमारीने मरणाऱ्या वस्तीला जगवणारा गुन्हेगार कसा, आणि साऱ्या जातीलाच हजेरीला उभे करणारे सरकार न्यायी कसे? लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ने (१९८७) हाच प्रश्न स्वतंत्र भारतातल्या पोलीस ठाण्यासमोर आणून उभा केला. गुन्हेगार जमातींचा १८७१ चा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला खरा, पण त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्याने असा कायदा १९५९ साली केला. कायद्याचे नाव बदलले, पण संशयाची नजर त्याच पालांवर आणि त्याच तांड्यांवर खिळून राहिली.

या कृतींवर लिहिताना आपल्या समीक्षेने विद्रोह, बोलीभाषा, अनुभवाची दाहकता यांची भरपूर चर्चा केली. शिक्षा कोण देतो, कुणाला देतो आणि कुठवर देतो, हा त्यांच्या गाभ्यातला प्रश्न मात्र तिने बाजूला ठेवला. दुसरीकडे अत्याचारांविषयीचे आपले लेखन कठोरातल्या कठोर शिक्षेची मागणी करीत राहिले. एकाच चळवळीच्या साहित्यात शिक्षेकडे पाहण्याच्या या दोन दृष्टी शेजारी शेजारी नांदतात आणि एकमेकींशी बोलत नाहीत. त्यांना समोरासमोर आणावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम जन्मठेप म्हणजे काय ते पाहू. माझ्या घराण्यात कोर्टाचा कागद वाचता येणारा मी पहिला. त्यामुळे वस्तीतले लोक कागद घेऊन माझ्याकडे येतात. अशाच एका बाईने मुलाच्या निकालाची प्रत पुढे केली आणि विचारले, “भाऊ, याची आता किती वर्षं राहिली?” तिने चौदा वर्षे धरली होती, आणि चौदा एप्रिलच्या जयंतीला दरसाल एक असा हिशेब ठेवला होता. त्या कागदावर आकडा नव्हता. जन्मठेप चौदा वर्षांची असते, ही समजूत आपल्या समाजात घट्ट रुतली आहे. कायदा तसे म्हणत नाही. गोपाळ गोडसे खटल्यात १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की जन्मठेप म्हणजे बंद्याचे उरलेले सारे आयुष्य. सरकारने माफी दिली तरच सुटका. डिसेंबर १९७८ मध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४३३-अ आले. फाशीही होऊ शकते अशा गुन्ह्यात जन्मठेप झालेल्याला चौदा वर्षे प्रत्यक्ष भोगल्याशिवाय सोडता येणार नाही, असे त्याने ठरवले. म्हणजे चौदा हा शेवटचा आकडा नाही. तिथून पुढे सुटकेचा विचार सुरू होऊ शकतो, एवढाच त्याचा अर्थ.

पुढे तो उंबरठाही दूर सरकत गेला. स्वामी श्रद्धानंद खटल्यात २००८ साली, आणि घटनापीठाच्या श्रीहरन निकालात २०१५ साली, फाशीऐवजी वीस, पंचवीस, तीस वर्षे किंवा मरेपर्यंत माफीविना कैद देण्याचा अधिकार वरिष्ठ न्यायालयांना मान्य झाला. २०१३ च्या दुरुस्तीने काही लैंगिक गुन्ह्यांसाठी ‘उरलेले नैसर्गिक आयुष्य’ हे शब्द थेट कायद्यात आले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली; तिनेही हीच चौकट पुढे चालवली. अर्धशतकात जन्मठेप लांबतच गेली आहे. आज देशातल्या शिक्षा झालेल्या बंद्यांपैकी निम्म्याहून अधिक जन्मठेपेचे आहेत.

आकडा नसलेली शिक्षा कुणाच्या तरी मर्जीवर चालते. मुदतपूर्व सुटकेच्या कागदाला कारागृहाचा अहवाल लागतो, पोलिसांचा अहवाल लागतो, शिक्षा देणाऱ्या न्यायालयाचे मत लागते. संचित रजा किंवा अभिवचन रजा हवी तर जामीनदार लागतो, आणि ‘हा गावी आला तर शांततेला बाध येईल काय’ याचे उत्तर ठाणेदार देतो. ज्याच्या घरी सातबारा आहे, ज्याचा चुलता पंचायत समितीत आहे, त्याला जामीनदार मिळतो. पाल ठोकून राहणाऱ्याला कोण मिळणार? शिक्षा सुनावताना दोघांना एकच शब्द लागतो, जन्मठेप. ती भोगताना त्या शब्दाचे दोन अर्थ होतात. बिल्किस बानो प्रकरणातील अकरा गुन्हेगारांना मुंबईच्या विशेष न्यायालयाने २००८ साली जन्मठेप दिली होती. १५ ऑगस्ट २०२२ रोजी गुजरात सरकारने त्यांना सोडले आणि बाहेर त्यांना हार घालण्यात आले. ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द केली. तेवढी बाई सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचली म्हणून हे घडले. माफीचे दार कुणासाठी किती सहज उघडते, हे त्या हारांनी दाखवून दिले.

आता आत कोण आहे ते पाहू. २०२२ अखेर देशाच्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांवर माणसे होती आणि त्यांतली तीन चतुर्थांश न्यायाधीन, म्हणजे गुन्हा शाबीत न झालेली होती. अनुसूचित जातींची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १६.६ टक्के, तुरुंगात मात्र दर पाच माणसांमागे साधारण एक त्यांच्यातला. जात तिथेही सुटत नाही. झाडू आणि संडास खालच्या जातीला, स्वयंपाक वरच्या जातीला, अशी वाटणी अनेक राज्यांच्या कारागृह नियमावल्यांतच लिहिलेली होती. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली, आणि विमुक्त जमातींना जन्मजात सराईत मानणाऱ्या तरतुदींवरही प्रहार केला. राज्यघटना लागू झाल्यानंतर चौऱ्याहत्तर वर्षांनी हे सांगावे लागले.

यातून काय घडते, त्याचे एक उदाहरण महाराष्ट्रातच आहे. २००३ साली नाशिक जिल्ह्यात एका कुटुंबावर भीषण हल्ला झाला. खून आणि बलात्कार झाले. भटक्या जमातीतील सहा माणसे आरोपी झाली. सत्र न्यायालयाने फाशी दिली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने साऱ्या सहांनाच फाशी ठरवली. आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. वाचलेल्या साक्षीदार स्त्रीने पोलिसांकडच्या छायाचित्रांतून वेगळीच माणसे ओळखली होती. ती गोष्ट दडवून ठेवण्यात आली होती. जवळजवळ सोळा वर्षे गेली. प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यावेत, असे न्यायालयाने सांगितले. हिशेब केला तर दिवसाला शंभर रुपयेही पडत नाहीत. मरण पावलेल्यांना न्याय मिळाला नाही तो नाहीच. म्हणून प्रदीर्घ शिक्षेचे गुणगान करणाऱ्यांना मी विचारतो : चुकीचा माणूस पकडण्याची सवय ज्या तपासयंत्रणेला आहे, तिच्या हाती पंचवीस आणि तीस वर्षे सोपवताना तुमचा हात कापत नाही का?

इथे कार्यकर्ते मित्र मला थांबवतील. ‘सर, हे सगळे आत असलेल्यांविषयी झाले. खैरलांजी करणाऱ्यांचे काय? त्यांना दहा वर्षांत सोडायचे?’ हा प्रश्न टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल.

२९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. सप्टेंबर २००८ मध्ये सत्र न्यायालयाने आठ जणांना दोषी धरले. सहांना फाशी, दोघांना जन्मठेप. जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी पंचवीस वर्षांची जन्मठेप दिली. शिक्षेची वर्षे मोजली तर ती कमी नव्हती. पण दोन्ही न्यायालयांनी अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू केला नाही. जुन्या भांडणाचा सूड, असे कारण धरले गेले. म्हणजे खून झाला असे न्यायालय म्हणाले. जातीने खून केला असे म्हणाले नाही. आपल्या चळवळीने फाशी गेली म्हणून आक्रोश केला. गुन्ह्याचे नाव गेले, ही त्याहून मोठी हानी होती. शिक्षेची लांबी आपल्या हाती ठेवून निकालपत्राने जात नजरेआड केली. सुडाचा खून आठ माणसांपुरता असतो. जातीचा खून म्हटले, की साऱ्या गावाला, तिथल्या पोलिसाला आणि पाटलाला उत्तर द्यावे लागते.

दुसरे उदाहरण तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातले, आजच्या अहिल्यानगरचे. २८ एप्रिल २०१४ रोजी खर्ड्याच्या नितीन आगे या सतरा वर्षांच्या शाळकरी मुलाचा खून झाला. साक्षीदार एकामागून एक उलटले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये सारे आरोपी निर्दोष सुटले. त्याच महिन्यात, त्याच जिल्ह्यातल्या कोपर्डीच्या खटल्यात तीन दलित आरोपींना फाशी झाली. कोपर्डीच्या मुलीवर झालेला अत्याचार अमानुष होता; तिच्यासाठी न्याय मागणारे बरोबर होते, आणि तिच्या घरच्यांचे दुःख आपल्या दुःखाहून वेगळे मानणारा माणूस आपला नव्हे. माझा प्रश्न निराळा आहे. एका खटल्यामागे राज्यभरचे लाखोंचे मोर्चे, खास सरकारी वकील आणि सारी यंत्रणा उभी राहिली. दुसऱ्या खटल्यात साक्षीदाराला गावात राहायचे होते. नितीनच्या मारेकऱ्यांसाठीही पुस्तकात जन्मठेप आणि फाशी होतीच की! ती पुस्तकातच राहिली.

इटालियन विचारवंत बेक्कारिया याने १७६४ साली सांगितले, की गुन्ह्याला आळा बसतो तो शिक्षेच्या क्रौर्याने नव्हे, तिच्या खात्रीने. ज्या अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचे नाव घेऊन १९७२ साली आपली पँथर उभी राहिली, त्या अमेरिकेने चार दशके शिक्षा लांबवून पाहिल्या आणि काळ्या माणसांनी तुरुंग भरले. तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनेच २०१४ साली निष्कर्ष काढला, की लांब शिक्षांचा वाढीव धाक फार थोडा, आणि माणूस जसा वयाने वाढतो तसा तो गुन्ह्यापासून दूर जातो. आपल्या गावात तर हे उघड्या डोळ्यांनी दिसते. हल्ला करायला निघालेला सवर्ण तरुण दहा वर्षे की वीस वर्षे हे मोजत नाही. ठाणेदार ओळखीचा आहे, फिर्याद नोंदवायला दोन दिवस लागतील, तोवर समेटाची बोलणी होतील, साक्षीदार आपल्याच शेतावर मजुरीला येतो, एवढे तो जाणतो. हा हिशेब मोडेल तेव्हाच गुन्हा थांबेल. अत्याचार कायद्याखाली देशात २०२२ साली निकाली निघालेल्या खटल्यांपैकी साधारण एक तृतीयांशातच शिक्षा झाली. महाराष्ट्राचे चित्र त्याहून निराशाजनक राहिले आहे. जी शिक्षा होतच नाही, ती किती लांब आहे याला काय अर्थ?

या कायद्याचा इतिहासच याची साक्ष देतो. १९८९ च्या कायद्यात कलम ३(२)(५) आहे. दहा वर्षे वा अधिक शिक्षेचा गुन्हा जातीमुळे केला तर जन्मठेप. ही फार जड शिक्षा. पण गुन्हा ‘जातीच्या कारणाने’ झाला हे सिद्ध करता करता खटले पडले. अखेर दुरुस्ती करून, जात माहीत होती एवढे सिद्ध करणे पुरे, असे २६ जानेवारी २०१६ पासून ठरले. दुसरे कलम १८. ते एक दिवसाचीही शिक्षा सांगत नाही. अटकपूर्व जामीन मिळणार नाही, एवढेच म्हणते. प्रस्थापितांचा रोष कशावर आला? २० मार्च २०१८ च्या सुभाष महाजन निकालाने हात घातला तो अटकेच्या तरतुदीला. २ एप्रिलला देश बंद झाला तो त्याविरुद्ध, आणि संसदेला कलम १८-अ आणावे लागले तेही त्यासाठीच. वादाच्या केंद्रस्थानी जन्मठेप नव्हती. ज्याची भीती वाटते त्यावरच हल्ला होतो. उद्या सकाळी दारात येणारा पोलीस त्यांना छळतो; वीस वर्षांपुढचा तुरुंग नव्हे.

आपली परंपरा याबाबत काय सांगते? मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात शूद्राची जीभ कापायची आहे, आणि ब्राह्मणाने कोणतेही पाप केले तरी त्याला मारायचे नाही, धनासकट देशाबाहेर जाऊ द्यायचे आहे. शिक्षा गुन्ह्याकडे पाहून ठरत नव्हती, माणसाकडे पाहून ठरत होती. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला ते पुस्तक जळाले. ते जाळणाऱ्या बाबासाहेबांनी ३ जून १९४९ रोजी संविधान सभेत फाशीची शिक्षाच रद्द करावी असे मत मांडले आणि त्याला अहिंसेच्या तत्त्वाचा आधार दिला. दीघनिकायातील कूटदन्त सुत्तात पुरोहित राजाला सांगतो, की वध आणि बंधन यांनी चोरी संपणार नाही. शेतकऱ्याला बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल, सेवकाला वेतन द्या. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी अंगुलिमालाची कथा आवर्जून घेतली. मज्झिमनिकायात त्या कथेचा एक भाग आहे, तो आपण विसरतो. भिक्षू झालेल्या अंगुलिमालाला लोक दगड मारतात, तो रक्तबंबाळ होऊन परततो, आणि बुद्ध त्याला ते सोसायला सांगतात. ज्यांची माणसे मेली त्यांचे दुःख बुद्धांनी नाकारले नाही. फक्त, माणूस त्याच्या गुन्ह्याएवढाच असतो, हेही त्यांनी मानले नाही. जन्मावरून माणूस कायमचा ठरवणाऱ्या व्यवस्थेशी आपण लढतो. एका कृत्यावरून माणूस कायमचा ठरवणारी शिक्षा आपण निमूटपणे कशी स्वीकारू?

याचा अर्थ अत्याचारी मोकळा सुटावा असा नाही. तुरुंग राहील, काही माणसांना दीर्घकाळ दूर ठेवावेच लागेल. परंतु शिक्षेला आकडा हवा. चौदा वर्षांनंतर प्रत्येक जन्मठेपेचा फेरविचार आपोआप, उघडपणे आणि लेखी कारणांसह व्हायला हवा. तो मंत्र्याच्या मर्जीवर आणि ठाणेदाराच्या शेऱ्यावर राहता कामा नये. त्या वेळी पीडित कुटुंबाचे म्हणणे ऐकले पाहिजे. अत्याचार कायद्याच्या कलम १५-अ ने जामीन, रजा, शिक्षा या टप्प्यांवर तो हक्क दिलेलाच आहे. आणि कैद माणसाला परत आणणारी हवी. औंध संस्थानाने १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवले. तिथे गंभीर गुन्ह्यांतले कैदी भिंतीविना, बायकामुलांसह शेती करून राहिले. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) त्यातूनच आला. सिनेमाला आपण टाळ्या दिल्या. तसा प्रयोग पालावरच्या कैद्याच्या वाट्याला किती येतो, हे विचारले नाही.

सूड मागणे सोपे असते, कारण त्यात व्यवस्थेला काहीच बदलावे लागत नाही; चार माणसे आत टाकली की गाव पुन्हा होते तसे राहायला मोकळे. म्हणून पुढच्या मोर्चाच्या निवेदनात शिक्षेच्या वर्षांआधी हे प्रश्न असावेत, अशी माझी सूचना आहे. फिर्याद किती तासांत नोंदली? कायद्याचे कोणते कलम लावले आणि कोणते गाळले? साक्षीदाराला संरक्षण आणि गावाबाहेर मजुरी मिळाली काय? कर्तव्यात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यासाठी याच कायद्यात कलम ४ आहे. आपल्या जिल्ह्यात ते आजवर कितींना लागले? आणि त्याच जिल्ह्याच्या तुरुंगात आपली किती माणसे वकिलाविना पडून आहेत? शेवटचे दोन आकडे प्रत्येक कार्यकर्त्याने माहितीच्या अधिकारात मागवावेत. शेजारी शेजारी ठेवून वाचले, की शिक्षेविषयीची आपली भूमिका काय असावी, यावर वाद घालायला आपल्यापाशी निदान एक ठोस कागद असेल.